ग्रिफनचं पिल्लू नेमकं कोणाचं? एका कॅम्पेनचं प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण आमच्याच टेबलवरचं आहे, डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतानाचं. म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांवर खेळायची एक लांबलचक गोष्ट (कॅम्पेन), आणि डीएम (डंजन मास्टर) ती गोष्ट आणि बाकीचं जग चालवतो. मी त्यात क्लेरिक खेळत होते, डीएम नव्हते, त्यामुळे डीएमच्या डोक्यात कधी काय चाललेलं हे त्याने नंतर जेवढं सांगितलं तेवढंच मला माहीत. नावं कोणाचीच देत नाहीये, कॅरेक्टरच्या क्लासवरून, म्हणजे पेशावरून, ओळखा. रेंजर (रानातली शिकारी), ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा), विझर्ड (जादूगार), फायटर (लढवय्या) आणि मी (क्लेरिक, देवाची जादू करणारी) असे पाच जण. ड्रुइड खेळणारा आमच्यात सगळ्यात जुना, तिसऱ्या एडिशनपासून खेळतोय, त्याला सगळे दादाच म्हणतात. बाकीचे पाचव्या एडिशनवरच वाढलेले. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनचे, २०१४ च्या पुस्तकांतले.

पार्टी, म्हणजे आमची पाच कॅरेक्टर, लेव्हल ४ ला होती (लेव्हल म्हणजे ताकदीची पायरी). काम सोपं होतं, खिंडीतल्या एका गावाचे घोडे गायब होतायत, कारण शोधा. कारण होतं डोंगरकड्यावर घरटं केलेली ग्रिफनची जोडी. अर्धा गरुड, अर्धा सिंह, आणि घोड्याचं मांस म्हणजे जीव की प्राण, ही ग्रिफनची सवय जुनी आहे, सगळ्या एडिशनमधून चालत आलेली, त्यामुळे डीएमने बेत चांगलाच जुळवलेला. हिशोबानेही लढाई ठीकठाक होती. एका ग्रिफनचं चॅलेंज रेटिंग (शत्रू किती अवघड त्याचा आकडा) २, म्हणजे ४५० एक्सपी (अनुभवाचे गुण), दोघांचे ९००, दोन शत्रू म्हणून गुणिले दीड, १३५०. पाच जणांच्या लेव्हल ४ पार्टीला मीडियम, म्हणजे मध्यम अवघड लढाईची, रेषा १२५० वर आहे. झाली लढाई, जिंकलो, थोडं रक्त सांडलं, स्पेल स्लॉट (जादू करायचा साठा) संपले.

आणि घरट्यात एक अंडं निघालं.

डीएमने ते अंडं बक्षीस म्हणून ठेवलेलं, विकायला. त्याच्या डोक्यात जुन्या एडिशनचा भाव होता, तिथे ग्रिफनचं अंडं ३,५०० सोन्याच्या नाण्यांना आणि पिल्लू ७,००० ला जातं असं लिहिलेलं आहे. लेव्हल ४ ला एवढा पैसा म्हणजे चंगळ. पण रेंजरने अंडं उचललं, स्वतःच्या झोपायच्या गोधडीत गुंडाळलं आणि सांगितलं, "हे मी विकणार नाहीये." विकायचं नसेल तर काय, याचा विचार कोणीच केलेला नव्हता. डीएमला त्या क्षणी "ठीक आहे" म्हणणं सोपं वाटलं आणि तो म्हणालाही.

पिल्लू मोठं कसं झालं

अंडं फुटलं, पिल्लू निघालं, नाव पडलं चोच्या. पहिले काही सेशन मजेत गेले. चोच्याला कसलेच आकडे नव्हते, तो पाठपिशवीत बसायचा, विझर्डच्या कागदांवर चोच मारायचा, मासे पळवायचा. सगळ्यांचा लाडका. या काळात तो कोणाचा हा प्रश्नच नव्हता, कारण त्याने काही फरक पडत नव्हता.

मग कॅम्पेनमध्ये हिवाळा आला. खिंड बर्फाने बंद, पार्टी गावात अडकली, डीएमने तीन महिने पुढे उडी मारली आणि प्रत्येकाला विचारलं की या काळात तुम्ही काय केलं. फायटरने साठवलेल्या ४०० नाण्यांचा युद्धघोडा घेतला. विझर्डने स्पेल उतरवून काढले. मी देवळात काम केलं. रेंजर म्हणाली, "चोच्याला ट्रेन करते." डीएमने ॲनिमल हॅन्डलिंगचा (जनावर हाताळण्याच्या कौशल्याचा) एक रोल मागितला, डी२० वर (वीस बाजूंच्या फाशावर) १८ आले, आणि डीएम म्हणाला, बरं, वसंतात चोच्या पूर्ण वाढलेला आहे, हे घे त्याचं स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता).

माझ्या मते अख्ख्या प्रकरणाचा काटा इथे फिरला. अंडं दिलं तिथे नाही. अंडं दिल्यावर अजून सगळे रस्ते मोकळे होते, पण एका रोलवर पूर्ण ग्रिफन हातात दिला की पुढचं सगळं ओघाने येतं.

अडचण

आधी आकडे बघू, कारण नंतर वाद झाला तेव्हा अर्धे लोक आकड्यांवर बोलत होते आणि अर्धे मनावर.

पूर्ण ग्रिफन म्हणजे ५९ हिट पॉइंट (किती मार सोसतो), आर्मर क्लास (वार लागायला किती अवघड) १२, उडण्याचा वेग ८० फूट. एका टर्नला चोच आणि नखं असे दोन अटॅक, दोन्ही लागले तर सरासरी ८ अधिक ११, म्हणजे १९ डॅमेज. आमचा फायटर ढाल-तलवारवाला, लेव्हल ४ ला एक अटॅक, लागला तर साडेदहा. लेव्हल ५ ला त्याला दुसरा अटॅक मिळाला तेव्हा तो २१ वर आला, म्हणजे आमचा मुख्य लढवय्या कसाबसा एका पाळीव प्राण्याच्या पुढे. रेंजरचं धनुष्य लेव्हल ५ ला दोन बाणांचे १७ काढायचं, त्यात चोच्याचे १९ मिळवा, एका खेळाडूच्या हातात ३६. वर तिला दोन टर्न. लढाईत बाकीचे ताटकळत बसलेत आणि ही आधी स्वतःचं करतेय, मग चोच्याचं, मग चोच्या किती उंचावर, कुठल्या खान्यात, कोणाच्या डोक्यावर, ते मोजतेय. तिची चूक म्हणता येणार नाही, दिलेलं ते ती वापरत होती.

उडण्याचं तर बोलायलाच नको. विझर्डला फ्लाय स्पेल लेव्हल ५ ला मिळतो, तोही लेव्हल ३ चा स्लॉट जाळून, कॉन्सन्ट्रेशन सांभाळून, दहा मिनिटांसाठी. पॅलाडिनला (जादू येणाऱ्या योद्ध्याला) स्पेलने ग्रिफन बोलावता येतो पण तो चौथ्या लेव्हलचा स्पेल आहे, म्हणजे पॅलाडिन लेव्हल १३ चा व्हायला हवा. खेळाने स्वतःच या माउंटची पायरी १३ वर ठेवलीय आणि आमच्याकडे तो ५ ला, फुकट, दिवसभर. डीएमने तुटलेल्या पुलाची एक दरी तयार करून आणलेली, दोरखंड, वारा, खाली नदी, पलीकडे तिरंदाज, सगळं. रेंजर चोच्यावर बसली, पलीकडे गेली, दोर बांधला. काही मिनिटांत दरी संपली. डीएम हसला पण ते हसू कसलं होतं ते मला दिसत होतं.

तरीही हे सगळं चालून गेलं असतं. गाडी अडली ती घोड्यावर.

आम्ही एका व्यापारी तांड्याला सोबत म्हणून निघालेलो. पहिल्या रात्रीचा मुक्काम. डीएमने सांगायला सुरुवात केली की चोच्या सामानाच्या गाडीच्या टपावर बसलाय, शेपटीचं टोक हळूहळू हलतंय, डोळ्याची बाहुली बारीक झालीय, आणि फायटरचा घोडा दोर ताणून मागे सरकतोय, कान सपाट, नाकपुड्या फुललेल्या. रेंजर म्हणाली मी त्याला शांत करते. डीएमने १५ चं लक्ष्य दिलं, तिला अधिक ६ मिळतात, फाशावर आले ५. एकूण ११. दादा लगेच म्हणाला थांब, मी ॲनिमल फ्रेंडशिप (प्राण्याला दोस्त करायचा स्पेल) टाकतो. डीएमने स्पेल वाचला आणि म्हणाला, "दादा, हा फक्त बीस्टवर, म्हणजे साध्या जनावरावर, चालतो. ग्रिफन मॉन्स्ट्रॉसिटी, म्हणजे राक्षसी प्राणी, आहे."

"अरे, अर्धा सिंह, अर्धा गरुड, आणि बीस्ट नाही?"

"नाही."

पुढची टर्न चोच्याची. युद्धघोड्याचे हिट पॉइंट १९. चोच लागली, नखं लागली, डीएमने फासे न टाकता सरासरी घेतली, १९. एका टर्नमध्ये घोडा संपला. फायटर काहीच बोलला नाही, फक्त कॅरेक्टर शीटवरची घोड्याची ओळ खोडली. मग एकदम तीन वाद सुरू झाले आणि सेशन तिथेच थांबवावं लागलं.

तीन वाद

फायटरचं म्हणणं, हा प्राणी धोकादायक आहे, माझ्या कॅरेक्टरने आता याला मारायलाच हवं, नाहीतर माझं कॅरेक्टर येडं दिसतं. रेंजरचं म्हणणं, डीएमने मुद्दाम केलं, चोच्या जड जातोय म्हणून त्याला खलनायक बनवतोय. आणि दादाचं म्हणणं, तिसऱ्या एडिशनमध्ये असल्या जनावरांचा वेगळा प्रकारच होता, मॅजिकल बीस्ट म्हणून, आणि ड्रुइडला त्यांच्याशी जुळवून घेता यायचं, मग माझा ड्रुइड इथे कशाला आहे.

दादा बऱ्याच अंशी बरोबर होता. २००० साली आलेल्या तिसऱ्या एडिशनमध्ये मॅजिकल बीस्ट हा वेगळा प्रकार होता. तिच्या ३.५ आवृत्तीतले ड्रुइडचे नियम म्हणतात की ज्याची इंटेलिजन्स १ किंवा २ आहे अशा मॅजिकल बीस्टवर वाइल्ड एम्पथी (प्राण्याचं मन वळवायची ड्रुइडची क्षमता) चालते, फक्त वजा ४ ने. २०१४ मध्ये तो प्रकार गेला आणि ग्रिफन, हिपोग्रिफ (अर्धा गरुड, अर्धा घोडा), आऊलबेअर (घुबड-अस्वल), बेसिलिस्क सगळे मॉन्स्ट्रॉसिटीच्या पोत्यात गेले, बीस्टमध्ये उरले लांडगे, अस्वलं, घोडे, फार तर महाकाय गरुड. परिणाम असा की ड्रुइडचे प्राण्यांशी बोलायचे, त्यांना वश करायचे स्पेल नेमके ज्या प्राण्यांवर टाकावेसे वाटतात त्यांच्यावर चालत नाहीत. मला स्वतःला हा नियम रुक्ष वाटतो. (जाता जाता, जुन्या एडिशनमध्ये ग्रिफनची इंटेलिजन्स ५ होती, म्हणजे दादाची वाइल्ड एम्पथी तेव्हाही चालली नसती. हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही, नंतर सांगितलं.)

पण तिन्ही वाद नीट ऐकले तर मुळात प्रश्न एकच दिसतो. फायटर चोच्याला शत्रू धरून बोलत होता, रेंजर स्वतःच्या कॅरेक्टरचा भाग धरून, दादा निसर्गातला प्राणी धरून, आणि डीएम एनपीसी (डीएमने चालवायचं पात्र) धरून. चोच्याच्या वतीने निर्णय कोण घेणार हे कधी ठरलंच नव्हतं. दरीवर उडवताना तो रेंजरचा होता, घोडा खाताना अचानक डीएमचा झाला. रेंजरला फसवल्यासारखं वाटलं ते त्यामुळे.

कोणते पर्याय होते

डीएमने आठवडाभर खेळ थांबवला आणि प्रत्येकाशी वेगवेगळं बोलला. त्याच्यासमोर काय काय होतं ते त्याने मला सांगितलं.

पहिला विचार कोणालाही येतो तोच, पुढच्या लढाईत चोच्याला मारून टाकायचं. मी हे करू नकोस म्हणाले. एक तर रेंजरला आधीच वाटतंय की तू टपून बसलायस, ते तू सिद्ध करून देशील. दुसरं म्हणजे अख्ख्या टेबलने त्याला पिशवीतून मोठा केलाय, फायटरनेसुद्धा. असा मारलेला प्राणी कथेत मरत नाही, टेबलवर मरतो, आणि नंतर कोणी दुसऱ्या कशावर जीव लावत नाही.

दुसरा, नियमात बसवायचं. रेंजरचा बीस्ट मास्टर आर्कटाइप (प्राणी सोबतीला घेणारी उपशाखा) आहे, पण त्याच्या सोबत्याला तीन अटी: बीस्ट हवा, आकार मीडियम किंवा लहान हवा, चॅलेंज रेटिंग पाव किंवा कमी. ग्रिफन मॉन्स्ट्रॉसिटी, आकार लार्ज, रेटिंग २. तिन्ही अटींवर नापास. २०२० च्या सप्लिमेंटमधले साइडकिकचे नियमही पाहिले, तिथे रेटिंगची मर्यादा अर्धा.

तिसरा, वजनाची अट घालायची, म्हणजे उडताना रेंजर आणि सामान झेपत नाही असं दाखवायचं. डीएमने गणित केलं आणि सोडून दिलं, कारण ग्रिफनची स्ट्रेंग्थ १८, गुणिले १५, लार्ज म्हणून दुप्पट, ५४० पाउंड. रेंजर तिच्या सगळ्या सामानासकट आरामात जाते. इथे डीएमचं कौतुक की त्याने आकडे वाकवले नाहीत.

चौथा, चोच्याला गावच्या गढीत पहारेकरी म्हणून सोडायचं आणि पार्टीची लेव्हल वाढल्यावर परत आणायचं. फायटरला हा आवडला, रेंजरला अजिबात नाही. मला वाटतं नियमांच्या दृष्टीने हा सगळ्यात स्वच्छ पर्याय होता, आणि हिवाळ्याआधी सुचवला असता तर रेंजरनेही आनंदाने घेतला असता. आता हातातून काढून घेतल्यासारखं झालं असतं.

पाचवा, चोच्या ठेवायचा पण त्याची किंमत लावायची. लढाईतली किंमत, खाण्याची किंमत, वेळेची किंमत. शेवटी हाच घेतला.

काय ठरलं

पुढचा सेशन सुरू करण्याआधी अर्धा-पाऊण तास फक्त बोलण्यात गेला, सगळे बसून, कॅरेक्टर बाजूला ठेवून. काही गोष्टी ठरल्या.

लढाईत चोच्याला वेगळी टर्न नाही, रेंजरच्या टर्नमध्येच तो हलतो, आणि त्याला काही करायला सांगायचं तर बोनस अ‍ॅक्शन लागेल, म्हणजे टर्नमधली एकच छोटी जादा कृती. सांगितलं नाही तर तो फक्त डॉज करतो, म्हणजे वार चुकवत राहतो. ही कल्पना नवीन नाही, रेंजरच्या सोबत्यांसाठी नंतर आलेल्या नियमांत असंच आहे. चावी अशी की रेंजरचा हंटर्स मार्कही (शत्रूवर निशाणी ठेवून जादा डॅमेज करायचा स्पेल) बोनस अ‍ॅक्शननेच टाकावा आणि हलवावा लागतो. म्हणजे दर टर्नला तिला ठरवायचं, मार्क की चोच्या. नुसत्या या एका नियमाने लढाया चटचट व्हायला लागल्या.

आकडे कमी करायचे. पार्टी लेव्हल ८ ची होईपर्यंत चोच्या वयात न आलेला ग्रिफन, अंगाने मोठा पण कच्चा. त्यासाठी डीएमने हिपोग्रिफचं स्टॅट ब्लॉक घेतलं, १९ हिट पॉइंट, उडण्याचा वेग ६०. नुसतं एवढं करून भागत नाही हं, कारण हिपोग्रिफचं डॅमेजही दोन अटॅक मिळून १८ येतं, ग्रिफनपेक्षा एकाने कमी. म्हणून अटॅक एकच ठेवला. १९ हिट पॉइंटवर साठ फूट उंच उडायचं म्हणजे दोन चांगले बाण आणि चोच्या खाली, वर बसलेल्याला पडण्याचे सहा फासे, सरासरी २१ डॅमेज. रेंजर आपोआप जपून उडायला लागली, कोणी बंदी न घालता.

खाणं. रोज एक बकरी, पुस्तकातल्या भावाने एक सोन्याचं नाणं. पुस्तकात एका माणसाचा बेताचा राहणीखर्चही दिवसाला एक नाणंच आहे, म्हणजे पार्टीत सहावा माणूस आला असं समजा. पैसे सगळ्यांच्या पेटीतून. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी घोड्याजवळचा रोल. फायटरच्या नव्या घोड्याचे ४०० पण पेटीतून, हे रेंजरने स्वतःहून सुचवलं.

ड्रुइडसाठी, चोच्यापुरता आणि पुढे भेटणाऱ्या इंटेलिजन्स २-३ वाल्या जनावरांपुरता, प्राण्यांचे स्पेल चालतील, पण सेव्हिंग थ्रो (स्पेलपासून वाचायचा फासा) असेल तिथे जनावराला अ‍ॅडव्हान्टेज. म्हणजे त्याने दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. दादा खूश. मला हा बदल सगळ्यात जास्त आवडला, कारण याने अख्ख्या जगातलं जनावरांशी वागणं बदललं, पुढे एका आऊलबेअरला आम्ही न मारता बाजूला काढलं.

आणि शेवटचं, चोच्याच्या मनाचा मालक डीएम. रेंजर आज्ञा देते, पण तो ऐकतो का हे डीएम ठरवणार आणि त्यासाठी डीएम एक नोंद ठेवणार, कोण त्याला खायला घालतं, कोण जखमा बघतं, कोण वेळ देतं. सगळ्यांनी मान डोलावली. हे ऐकायला सगळ्यात गोड आणि निरुपद्रवी वाटलेलं कलम होतं.

पुढे काय झालं

मधल्या काळात रेंजर खेळणारीला कामाचा लोड आला आणि ती बरेच सेशन आली नाही. तिचं कॅरेक्टर पार्टीसोबत असायचं पण गप्प. बकरी कोण आणणार? विझर्ड खेळणारा आमच्यात सगळ्यात कमी बोलणारा, त्याने न विचारता ते काम घेतलं. त्याच्या वहीत स्पेलच्या यादीखाली बकऱ्यांची यादी असायची, कुठल्या गावात कितीला मिळाली. एकदा चोच्याच्या पंखात बाण अडकला तेव्हा हीलिंग मी केलं पण त्याला धरून बसला विझर्ड. डीएम मुकाट्याने नोंद करत होता.

रेंजर परत आली त्यानंतर थोड्याच दिवसांत वायव्हर्नची लढाई झाली. वायव्हर्न म्हणजे ड्रॅगनसारखा उडणारा प्राणी, रेटिंग ६, ११० हिट पॉइंट, शेपटीच्या नांगीत विष, ७ फासे, कॉन्स्टिट्यूशन सेव्ह चुकला तर सगळे. विझर्ड कड्याखाली बेशुद्ध पडलेला. रेंजरने बोनस अ‍ॅक्शन खर्च केली, "चोच्या, माझ्याकडे ये, मला वर घे." डीएमने वहीत पाहिलं आणि म्हणाला, तो तुझ्याकडे बघतो, पण विझर्डच्या अंगावर पंख पसरून उभा राहतो. हलत नाही.

लढाई जिंकलो, विझर्ड वाचला, दादा टाळ्या वाजवत होता, पण रेंजर एकदम शांत. सेशन संपल्यावर तिने डीएमला विचारलं, मी आले नाही त्याची शिक्षा आहे का ही? प्रश्न रास्त होता. टेबलबाहेरच्या कारणासाठी टेबलवर किंमत द्यावी लागणं कोणालाही टोचेल.

डीएमने तिला दोन रस्ते दिले. एक, मधल्या काळात तिच्या कॅरेक्टरनेही निम्मं खायला घातलं असं मागे जाऊन धरायचं, नोंद सारखी करायची, आणि वायव्हर्नच्या वेळी चोच्या गोंधळला होता असं समजायचं. दुसरा, झालं ते झालं, चोच्या विझर्डचा, आणि रेंजरच्या कॅरेक्टरला त्याबद्दल काय वाटतं ते खेळात येऊ दे. ती दोन दिवस विचार करून दुसऱ्यावर आली, आणि त्यात भावनेइतकंच गणितही होतं. ती म्हणाली, खरं सांगू का, बोनस अ‍ॅक्शन माझ्याकडे पुरतच नाहीये, मार्क आणि चोच्या यात मी दर वेळी मार्कच निवडते, चोच्या बिचारा डॉज करत बसतो. विझर्डची बोनस अ‍ॅक्शन बहुतेक टर्नला रिकामीच जायची. म्हणजे जो नियम डीएमने चोच्याला आवरायला आणला त्यानेच हळूहळू ठरवलं की तो कोणाला शोभतो, आणि हे कोणीच आधी पाहिलेलं नव्हतं.

लेव्हल ८ ला चोच्या पूर्ण ग्रिफन झाला, दोन अटॅकसकट. तोवर बाकीचे इतके पुढे गेलेले की तो उपयोगी होता पण भारी नव्हता, विझर्डच्या फायरबॉलसमोर १९ डॅमेज म्हणजे काही विशेष नाही. फायटर त्याच्यावर कधीच बसला नाही. नवा घोडा त्याने गावातच ठेवला आणि पायी चालला.

वेगळं काय करता आलं असतं

हिवाळ्याचा एक रोल. तिथे डीएमने तीन महिन्यांत चोच्या फक्त उडायला शिकला एवढंच दिलं असतं तर घोड्याचं प्रकरण झालंच नसतं. जुन्या ३.५ मध्ये ग्रिफनला माउंट म्हणून तयार करायला बाहेरचा ट्रेनर लावला तर १,५०० नाणी घेतो असं लिहिलंय, वर खास खोगीर लागतं. असे अडथळे आकड्यांत बसवलेले असले की डीएमला "नाही" म्हणावं लागत नाही, "हो, पण" म्हणता येतं. दादा जुन्या एडिशनचं कौतुक करतो तेव्हा बाकी सगळे डोळे फिरवतात पण या बाबतीत त्याचं मला पटतं.

स्पेलची गोष्ट. ग्रिफनवर ॲनिमल फ्रेंडशिप चालत नाही हे दादाला घोडा मरायच्या क्षणी कळायला नको होतं. अंडं फुटलं त्याच दिवशी सांगायला हवं होतं, कारण ड्रुइडचा खेळाडू टेबलवर आहे आणि तो कधी ना कधी तो स्पेल टाकणारच. पार्टीत ड्रुइड किंवा रेंजर असेल आणि तुम्ही जादुई जनावर आणणार असाल तर त्यांच्या यादीतले कुठले स्पेल त्यावर चालतात ते आधी बघून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.

घोड्याला सरासरी डॅमेजने मारण्याबद्दल टेबलवर अजून एकमत नाही. डीएम म्हणतो फासे टाकून त्या क्षणाला लांबवणं जास्त क्रूर झालं असतं. फायटर म्हणतो फासे टाकायला हवे होते, निदान चुकायची संधी होती. ग्रिफनला अधिक ६ मिळतात आणि घोड्याचा आर्मर क्लास ११, म्हणजे प्रत्येक अटॅक चुकायची शक्यता विसात चारच. चार का होईना, मी फायटरच्या बाजूने आहे.

आणि नोंदवही. डीएम आणि माझं यावर अजून भांडण आहे. त्याचं म्हणणं, नोंद उघडी ठेवली असती तर सगळ्यांनी बकऱ्या नुसत्या गुण मिळवायला आणल्या असत्या, विझर्डने जे मनापासून केलं ते खरं राहिलं नसतं. माझं म्हणणं, आकडे लपव हवं तर, पण कोणाचं नातं कुठे झुकतंय याचा इशारा कथेतून द्यायला हवा होता, चोच्या रात्री विझर्डच्या अंथरुणाशी झोपतो, रेंजरने शीळ घातली की उशिरा मान वळवतो, असं काहीतरी, दोन-तीन सेशन आधीपासून. म्हणजे वायव्हर्नच्या वेळी रेंजरला वाईट वाटलं असतं पण धक्का बसला नसता. तो म्हणतो असे इशारे त्याने दिलेले, आम्ही ऐकले नाहीत. मी माझ्या टिपणांत शोधलं, एक सापडला, तोही रेंजर नसलेल्या सेशनमधला.